रकाना चौदा

सकाळचे साडेनऊ, आणि अजून उजाडायचंय.
केमियार्वीपासून साठ किलोमीटर आत
शेवटच्या घराचा दिवा लांबूनच दिसला.
दाराशी किल्लीची पेटी : आकडे बदललेले, झाकण घट्ट.
पायरीवर बर्फात खडी टाकलेली, कठड्याला नवा स्क्रू.
लिहून घेतलं. माझं कामच ते,
दुसऱ्याच्या घरात शिरायचं
आणि तिथे कोण कसं पडू शकेल याचा विचार करायचा.

एमिल वाराला, वय एक्क्याण्णव.
"तपासणीसबाई आल्या," तो भिंतीला सांगतो,
"आता घरालाही थर्मामीटर लावतील."
टेबलावरचं औषधाचं यंत्र बाईच्या आवाजात बोलतं,
गोळी घ्या म्हणतं, घेतली नाही तर पुन्हा म्हणतं.
त्याने त्याचं नाव ठेवलंय सासूबाई.

मार्युत आठवड्यातून पाचदा येते.
वहीत तिचं मुंगीएवढं अक्षर :
रक्तदाब. पाणी किती प्यायला.
टाचेची जखम, नखाएवढी, सुकतेय.
मंगळवारी : "खूप वेळ गप्प होता. यासाठी रकाना नाही."
आमच्या नमुन्यात भेट तीस मिनिटांची,
तिची नोंद अठ्ठेचाळीस.
वरची अठरा कुणाच्या खात्यावर टाकायची
हे मला इतक्या वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

सैल सतरंजी : धोका. काढून टाकावी.
असं छापलंय, आणि सतरंजी तर समोरच,
चिंध्यांची, पट्ट्यापट्ट्यांची.
"ही निळी पट्टी माझी कामाची विजार," एमिल म्हणाला,
"ही आइलीचा लग्नानंतरचा पहिला झगा.
काढा म्हणता? मग चालू कशावर?"
मी वाकून कोपरा उलटला.
खाली रबराची जाळी, हाताने टाचलेली,
टाके इतके जवळ की नख शिरेना.
मार्युत खिडकीबाहेर बघत होती.

मग सौनाचा प्रश्न.
शनिवारी तो आत बसतो,
ती बाहेरच्या बाकावर, कोट घालून. दाराला कडी नाही.
तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज
ती कान देऊन मोजते.
दोन चर्रमध्ये फार वेळ गेला की हाक मारते.
"आणि त्यांनी ओ दिली नाही तर?"
"ओ तर तो कधीच देत नाही," मार्युत म्हणाली, "शिवी देतो.
शिवी आली की मी पुन्हा खाली बसते."

हसले मी. पण पेनाचं टोपण लावलं नाही.
दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात,
अशाच एका टेबलाशी कॉफी पिऊन
चौदाव्या रकान्यात मी "ठीक" लिहिलं होतं.
न्हाणीघराचा उंबरठा, दोन बोटं उंच.
दोनच बोटं तर होता.
तिचं नाव लेम्पी. एक मोजा विणून झाला होता,
दुसरा टाचेपर्यंत.
तेव्हापासून त्या रकान्यात उंची
मिलिमीटरमध्ये लिहावी लागते.
नव्या मुली कुरकुरतात, इतकं बारीक कशाला म्हणून.
मी बोलत काही नाही. मोजपट्टी पुढे करते.

एमिलच्या सौनाचा उंबरठा गुडघे टेकून मोजला.
मग मार्युतच्या बाकावर बसले,
त्याला कपड्यांनिशी थंड सौनात धाडलं,
दार लोटून घेतलं आणि म्हटलं, द्या शिवी.
आत सगळं शांत.
"लाजतोय," मार्युत कुजबुजली.
मी वाट पाहिली. बाक फार गार होता.
या बाकावर ती दर शनिवारी बसते.

शेवटी हाक आली.
शिवी नव्हती ती. त्याने आइलीला बोलावलं,
रोज बोलावत असल्यासारखं, सहज, जरा चिडून,
टॉवेल कुठे ठेवलास म्हणून.

मार्युतने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे.
लिहिलं : दारातून आवाज स्पष्ट पोहोचतो.
आत डाव्या बाजूला धरायला दांडी नाही.
मुदत चौदा दिवस.
घरातून सासूबाईंचा आवाज आला,
गोळीची वेळ झाली होती.